पुस्तकात रानटी, कागदावर अतिक्रमणदार



१९९२ च्या १२ ऑक्टोबरला कोलंबस अमेरिकेकडच्या बेटावर उतरला त्याला ५०० वर्षं झाली. पेपरात त्याचे फोटो आले, रेडिओवर भाषणं झाली. आम्हीही शाळेत हेच पाठ केलं होतं की कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला. रिकामी जागा भरा, एक मार्क. आता कोणी विचारावं की ज्या जमिनीवर लाखो माणसं राहात होती, शेती करत होती, मका पिकवत होती, तिचा 'शोध' कसा लागतो? आमच्या पाड्यावर उद्या तलाठी पहिल्यांदा आला तर त्याने पाड्याचा शोध लावला म्हणायचं का? कोलंबस निघाला होता हिंदुस्थानला. वाट चुकला आणि समोर दिसले त्या लोकांना 'इंडियन' म्हणाला. चूक त्याची, पण नाव त्यांना चिकटलं. पाचशे वर्षं झाली, अजून निघालं नाही.

त्याच महिन्यात ग्वाटेमाला देशातल्या रिगोबेर्ता मेंचू ह्या बाईला शांततेचं नोबेल जाहीर झालं. ही आपल्यासारखीच, किचे नावाच्या जमातीतली. तिचा बाप गावच्या जमिनीसाठी भांडत होता. १९८० साली राजधानीत स्पेनच्या वकिलातीत जी माणसं जळून मेली त्यात तो होता. आमच्या पुस्तकात हे लोक कुठं भेटतात? एक तर कोलंबसाच्या धड्यात किनाऱ्यावर उभे, नाही तर भूगोलात, एस्किमो, पिग्मी आणि बुशमनच्या रांगेत. काय खातात, काय नेसतात, झोपडी कशी बांधतात. त्यांची जमीन कोणी घेतली हा प्रश्न भूगोलात येत नाही आणि इतिहासातही येत नाही.

काही जण म्हणतील, किनवटच्या डोंगरातल्या बातमीपत्रात कोलंबस कामून आणला? आणला, कारण तो आमच्याकडंही आला होता. खाकी कपड्यात आला, मोजणीची साखळी घेऊन आला, आणि जंगलाला 'राखीव' म्हणून लाल रेघ मारून गेला. रेघेच्या आत जी गावं होती ती एका रात्रीत अतिक्रमण झाली. कोलंबसाने नाव बदललं, ह्यानं पण नावच बदललं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या काही जणांनी एक काम केलं. नांदेडला आणि लातूरला वसतिगृहात शिकणारी आमची जी पोरं आहेत त्यांनी रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावानं जुनी पाठ्यपुस्तकं आणली. बालभारती १९६७ साली पुण्यात निघाली, तिची बरीच सापडली. त्याआधीची, कव्हर फाटलेली, काही तर आमच्या बापाच्या पिढीची. चौथीपासून दहावीपर्यंत इतिहास-नागरिकशास्त्राची जी मिळाली ती आम्ही रात्री बसून वाचली. पेन्सिल हातात घेऊन वाचली. परीक्षेसाठी वाचताना हे कधी दिसलं नव्हतं, खरं सांगतो.

सुरुवातीला आम्ही आहोत. अश्मयुगात. हातात भाला, अंगाला झाडाचा पाला. मग आर्य येतात, आणि आम्ही 'मूळचे लोक' म्हणून दोन ओळीत हरतो आणि डोंगरात निघून जातो. त्यानंतर अडीच-तीन हजार वर्षं आम्ही डोंगरात काय करत होतो ह्याचा पत्ता पुस्तकाला नाही. पुढं 'आजचे आदिवासी' म्हणून पुन्हा भेटतो तेव्हा चित्र जवळजवळ तेच. पाल्याच्या जागी लंगोटी आली, एवढीच सुधारणा. शेजारी ढोल आणि नाच. आमच्या दंडारीत घुसाडी मोरपिसांचा टोप घालतो ते दिवाळीचे थोडे दिवस. उरलेलं वर्ष तो ज्वारी निंदतो, कापूस वेचतो, कर्ज फेडतो. ते चित्र काढायला कोणी येत नाही.

मधल्या काळात गोष्टी आहेत. एकलव्याची गोष्ट सगळ्यांना पाठ. भिल्लाचं पोर, गुरूनं अंगठा मागितला, त्यानं कापून दिला. धड्याखाली प्रश्न काय? एकलव्याच्या अंगी कोणता गुण दिसतो? उत्तर, गुरुभक्ती. गुरूच्या अंगी कोणता गुण दिसतो असा प्रश्न आजपर्यंत एकाही गुरुजींनी घातला नाही. दुसरी गोष्ट वाल्या कोळ्याची. तो वाटमारी करायचा, मग नारदमुनी भेटले आणि तो सुधारला, ऋषी झाला. ठीक आहे, पण वाल्या चोर होता तेव्हा 'कोळी' आणि वाल्मीकी झाल्यावर त्याची जात कुठं गेली? कोळ्याच्या, भिल्लाच्या, पारध्याच्या पोराला वर्गात ह्या गोष्टीवरून कोणत्या नावानं हाक मारतात हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आमच्यातल्या दोघांनी त्याच नावापायी शाळा सोडली.

लातूरकडच्या पारधी भावांचं तर विचारूच नका. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पोलीस ठाण्याच्या डोक्यातून तो गेला का? गावात कोंबडी हरवली तरी पालावर धाड. गायरानाची जमीन कसून खावी म्हटलं तर गाव म्हणतं, हे चोर लोक, यांना शेती काय कळते. सरकारनं १९९१ साली आदेश काढला की १४ एप्रिल १९९० च्या आधीची गायरानावरची दलित-आदिवासींची वहिवाट नियमित करा. आदेश चांगला. पण तो लागू करणाऱ्या माणसानं लहानपणी वाल्याची गोष्ट वाचलेली असते.

आता राजांकडं या. इतिहास म्हणजे राजे, असंच आम्हाला शिकवलं. बरं, राजेच घ्या. चांद्याला गोंडांचं राज्य होतं, देवगडला होतं, गढा-मंडल्याला होतं. राणी दुर्गावती १५६४ साली अकबराच्या फौजेशी लढता लढता मेली. तिचं नाव पुस्तकात आहे, नाही म्हणत नाही. पण कुठं? अकबराच्या धड्यात, अकबराने जिंकलेल्या मुलखांच्या यादीत. नागपूर शहर देवगडच्या बख्त बुलंद शहाने वसवलं. त्याच नागपुरात दर हिवाळ्याला महाराष्ट्राची विधानसभा भरते, आदिवासींच्या प्रश्नावर लक्षवेधी लागते, आणि लक्ष वेधणाऱ्या आमदाराला ठाऊक नसतं की हे गाव गोंडानं वसवलं. त्याचा काय दोष, त्याचंही पुस्तक तेच.

आणि आपलं माहूर! शाळेच्या सहली माहूरला येतात. रेणुकादेवी दाखवतात, दत्तशिखर दाखवतात, अनसूयेचं देऊळ दाखवतात. किल्ल्यावर नेतात. बहामनी येण्याच्या आधी हा मुलूख गोंड राजांकडं होता, हे आमच्या प्रधान बाबांना ठाऊक आहे. किंगरी वाजवून ते कुळाकुळाचा इतिहास सांगतात, रात्र रात्र सांगतात. लिंगो कसा झाला, जंगोनं काय केलं, कोणतं कुळ कुठून कुठं गेलं, कोणत्या देवाचे किती. ह्याला पुस्तकवाले म्हणतात, आदिवासींना लिखित इतिहास नाही. भाटानं राजपुताची वंशावळ तोंडी सांगितली तर तो इतिहास, प्रधानानं सांगितली तर ती दंतकथा, असा हा न्याय.

चौथीचं 'शिवछत्रपती' पुस्तक आम्हाला आवडलं होतं, अजून आवडतं. शिवरायांबद्दल कोणाला शंका नको. एका राजावर अख्खं पुस्तक लिहिता येतं तर आमच्यावर एक पान लिहायला शाई संपते का, एवढंच विचारतो.

इंग्रजांच्या काळात तर शब्दांचीच गंमत. तीच तलवार, तोच इंग्रज, पण शहरातला किंवा संस्थानातला उठला तर 'स्वातंत्र्ययुद्ध', आम्ही उठलो तर 'बंड', 'दंगा', 'पुंडाई'. मग साहेबानं 'शांतता प्रस्थापित केली'. हे शब्द इंग्रज अधिकाऱ्यांच्या दप्तरातले आहेत. साहेब ४७ साली गेला, शब्द ठेवून गेला. राघोजी भांगरे, महादेव कोळी, ह्याला २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. म्हणजे ५७ च्या नऊ वर्षं आधी. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांनी कंपनीच्या फौजेशी लढाई दिली, बायासुद्धा धरल्या गेल्या. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात बाबुराव शेडमाके फासावर गेला, जवान पोरगा, आमच्याच वयाचा. आणि आमच्या शेजारी निर्मळला रामजी गोंडाला १८६० साली फाशी झाली. त्याच्याबरोबर हजार जणांना एकाच वडाला लटकवलं असं तिकडचे लोक सांगतात. झाशी, कानपूर, मीरत आम्हाला नकाशावर दाखवता येतं. निर्मळ किनवटहून किती लांब आहे हे वर्गात विचारून बघा.

ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती आता.

मराठवाड्याच्या शाळांत १७ सप्टेंबर जोरात होतो. झेंडा, प्रभातफेरी, भाषणं. निजामाच्या जुलमातून मराठवाडा कसा मुक्त झाला ते सांगतात. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई, उमरीची बँक, रझाकार, पोलीस अॅक्शन. ह्या सगळ्यांना आमचा मुजरा. पण एक हिशेब करा. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा तो नांदेडला जोडला. तर त्याच आदिलाबाद जिल्ह्यात, आसिफाबादच्या डोंगरात, जोडेघाटला कुमराम भीम नावाचा गोंड निजामाविरुद्ध उभा राहिला. जंगल राखीव करून गावं उठवत होते, शेतातलं पीक जाळत होते, चराईवर पट्टी, लाकडावर पट्टी. त्यानं सांगितलं, ह्या बारा गावांच्या जमिनीवर, जंगलावर, पाण्यावर आमचा हक्क. 'जल, जंगल, जमीन' ही आपण रोज देतो ती घोषणा त्याच्याच नावानं सांगतात. १९४० साली निजामाच्या पोलिसांनी त्याला साथीदारांसह गोळ्या घातल्या. आश्विनी पौर्णिमेला आपले लोक त्याचा दिवस पाळतात.

१९४० साल. पोलीस अॅक्शनच्या आठ वर्षं आधी. जिल्हा आमचा, निजाम तोच, बंदूक तीच. तरी मुक्तिसंग्रामाच्या धड्यात कुमराम भीम नाही. आम्ही आणलेल्या एकाही पुस्तकात नाही. आदिलाबाद आंध्रात गेलं म्हणून तो आंध्राचा झाला म्हणावं, तर तो मेला तेव्हा आंध्र राज्यही नव्हतं आणि महाराष्ट्रही नव्हता. आम्हाला एकच कारण दिसतं. निजामाविरुद्ध लढला म्हणून त्याचा धडा लिहायचा तर तो कशासाठी लढला हेही लिहावं लागेल. आणि कशासाठी लढला ते लिहिलं तर पोरं विचारतील, गुरुजी, तो प्रश्न सुटला का? वनखातं गेलं का? १७ सप्टेंबरला निजाम गेला, जंगलचा कायदा राहिला. तिकडं इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ ला जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या तेव्हा निजाम नव्हता. सरकारी आकडा १३ चा, लोक सांगतात तो त्याच्या कितीतरी पट.

अजून एक गोष्ट ऐका, आम्हाला ती कळली तेव्हा आम्हीही चाट पडलो. भीमाला मारल्यावर निजाम सरकार घाबरलं आणि गोंडांचा प्रश्न काय हे बघायला हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियाचा पंडित आणला. त्यानं सांगितलं, जमिनी गेल्या म्हणून हे लोक उठले. मग पट्टे वाटायला सुरुवात झाली. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड मास्तर तयार करायचं केंद्र निघालं, आणि गोंडी भाषेत, देवनागरी अक्षरांत, वाचनाची पुस्तकं छापली गेली. निजामाच्या राज्यात! आम्ही निजामाची तारीफ करत नाही, भीमाच्या रक्तातून ती पुस्तकं आली. पण मुक्त झाल्यावर, लोकशाहीत, मराठी राज्यात, गोंडाच्या आणि कोलामाच्या पोराला पहिलीत त्याच्या बोलीतलं एक पुस्तक मिळालं का? पहिल्या दिवशी गुरुजी काय बोलतात तेच त्याला कळत नाही, आणि वर शेरा, 'मुलगा मठ्ठ आहे'.

आता आपल्यातलेच काही जुने कार्यकर्ते म्हणतात, पोरांनो, पुस्तकाचं सोडा, आधी जमिनीचं बघा. आम्ही जमिनीचंच बघतोय. ३१ मार्च १९७८ च्या आधीची वनजमिनीवरची वहिवाट नियमित करायचं सरकारनं कबूल केलं होतं. पावत्या नसल्या तरी चौकशी करून, इतर पुरावा बघून ठरवा असं सुप्रीम कोर्टानं १९९१ साली सांगितलं. मग चौकशीला साहेब येतो. म्हातारा सांगतो, माझ्या आज्यापासून आम्ही इथं. साहेब हसतो. म्हणतो, तुम्ही लोक कुठं एका जागी राहता, आज इथं झाड तोडाल उद्या तिथं. हे त्याला कोणी शिकवलं? त्यानं कधी पाड्यावर मुक्काम केला नाही. 'भटकी शेती करणारे, कंदमुळं खाणारे' हे त्याच पुस्तकातून आलं, त्यावर त्याला मार्क मिळाले, आणि त्या मार्कांवर त्याला खुर्ची मिळाली. ज्याला इतिहासात गाव नाही त्याचा वहिवाटीचा दावा खोटाच वाटणार. एका चौकशीत तर साहेबानं मोहाचं शंभर वर्षांचं झाड, देवाचा दगड, जुनं गावठाण, काहीच लिहून घेतलं नाही. रकान्यात लिहिलं, 'पुरावा नाही'.

खातेदारीच्या जमिनीचंही तसंच. १९७४ चा कायदा म्हणतो, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात बिगर आदिवासीकडं गेलेली जमीन परत द्या. त्याआधी गेलेली गेलीच. जी परत मिळायची तीही बऱ्याच ठिकाणी कागदावर आमची, नांगर दुसऱ्याचा. आणि तहसीलमध्ये काय ऐकायला मिळतं? आदिवासी भोळे असतात, दारूपायी विकतात. भोळा, अडाणी, व्यसनी, हाही धडाच आहे. सावकाराच्या वहीचा, खोट्या अंगठ्याचा धडा कुठल्या इयत्तेत आहे ते आम्हाला सापडलं नाही. एकलव्याचा अंगठा तरी एकदाच घेतला.

ह्यात अजून एक गंमत आहे. पुस्तकातला आदिवासी व्हायला कोणी तयार नाही, पण दाखल्यातला आदिवासी व्हायला रांग लागली. १९७६ साली क्षेत्रबंधन उठलं, तेव्हापासून नांदेड-लातूरच्या सपाटीवर अनुसूचित जमातीचे दाखले भराभर वाढले. सरकारी यादीत 'कोलाम, मन्नेरवारलू' एकाच ओळीत आहे, कारण तेलुगू लोक कोलामालाच मन्नेवार म्हणतात. डोंगरावरच्या कोलामाला विचारा, त्याच्या किती पोरांना नोकरी लागली. कोण खरा कोण खोटा हे तपासणी समितीनं ठरवावं, कुठल्या गरीब समाजाशी आमचं भांडण नाही. पण तपासायचं कशावरून? आमच्या देवांची, कुळांची, बोलीची नोंदच कुठल्या पुस्तकात नीट केलेली नसेल तर साहेब नाच आणि लंगोटी शोधणार, आणि शर्ट-पँट घातलेला खरा गोंड खोटा ठरणार. असं झालेलं आहे.

हल्ली काही मंडळी आम्हाला 'वनवासी' म्हणतात, प्रेमानं म्हणतात. मराठीत वनवास म्हणजे शिक्षा. रामाला चौदा वर्षं झाला. आम्हाला कोणत्या कैकेयीनं धाडलं? आम्ही आदिवासीच बरे. १९९३ हे साल युनोनं आदिवासींचं, मूळ रहिवाशांचं वर्ष म्हणून ठरवलं होतं. आपलं सरकार तिथं सांगतं, आमच्याकडं सगळेच मूळचे. सगळेच मूळचे असतील तर जंगलातून नोटीस फक्त आम्हालाच का येते?

नवी पुस्तकं निघताहेत म्हणतात. समित्यांवर मोठे प्राध्यापक असतात. १९८१ च्या शिरगणतीत ह्या राज्यात आपण ५७ लाखांवर होतो. त्यांच्यात एक माणूस समितीवर बसायच्या लायकीचा नाही असं कोणी म्हणत असेल तर तसं लेखी द्यावं. आमचं मागणं देव्हाऱ्यात बसवा असं नाही. आमच्यातही बायकांवर अन्याय आहे, भगताचं खूळ आहे, तेही लिहा. पण जंगल राखीव कधी झालं, कोणी केलं, तेव्हा तिथं कोण होतं, हे तारखेसह लिहा. कुमराम भीमाचा धडा १७ सप्टेंबरच्या धड्याला लागून छापा. गोंडी-कोलामीत पहिलीचं पुस्तक काढा. १९४३ ला जमलं ते आता जमायला हरकत नाही.

तोवर आपलं पुस्तक आपण लिहू. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं दोनशे पानी वही आणायची. त्यात पाड्याचं जुनं नाव, सध्याचं नाव, पहिला पाटील कोण, गावठाण किती वेळा हललं आणि कोणी हलवलं, देवाचे दगड कुठं, मसणवाटा कुठं, मोहाची आणि चिंचेची जुनी झाडं कोणाच्या आज्यानं राखली, निजामाच्या काळातली पावती किंवा पट्टा कोणाच्या पेटीत आहे, हे सगळं लिहायचं. लिहिता येणारं पोर पाड्यावर नसेल तर कळवा, आमच्यातलं कोणी येऊन राहील. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, साहेबाच्या नाही आणि आमच्याही नाही, फक्त नक्कल करून घ्या. ज्यांच्याकडं जुनी शाळेची पुस्तकं आहेत त्यांनी ती चुलीत घालू नयेत, बैठकीला आणावीत. म्हाताऱ्यांना विचारताना घाई करू नका, आणि जमेल तिथं प्रधान बाबांना सोबत न्या, कुळांची नावं त्यांनाच नीट आठवतात.